भागीच्या पायाचे चार फोटो

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवळात हात जोडून उभा राहतो तेव्हा देवालासुद्धा नाही, त्याच्याशी मी पाण्याचं आणि केळीवरच्या रोगाचं बोलतो आणि घरी येतो. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून तुम्हाला सांगतो, असं समजा. ओळखीचं माणूस समोर आलं की माझी जीभ मागे फिरते.

मी सातवी नापास माणूस. वसईकडे निर्मळ गावाच्या बाजूला आमची वाडी — केळी, पानवेल, कुंपणाला थोडा सोनचाफा. लिहायची सवय नाही. नातवाच्या जुन्या वहीत लिहितोय, चुकलं तर खोडतोय. पण एक वाक्य आधीच लिहून टाकतो. नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि वही मिटून टाकेन. मला मी चांगला ओळखतो.

माझ्या बायकोच्या पायाचे चार फोटो नर्सिंगच्या मुलींना शिकवायला वापरतात. ते फोटो खोटे आहेत.

खोटे म्हणजे — पाय तिचाच. जखम तिचीच. तरी खोटे. आणि ते मला एकट्याला माहीत आहे.

भागी माझी बायको. भागीरथी. बेचाळीस वर्षांचा संसार. तोंडाने फटकळ, हाताने चपळ. चाफा खुडायला लागली की बाजूच्या वाडीतल्या बायका बघत राहायच्या. तिला शुगर होती पंधरा-सोळा वर्षं. आधी पायाला मुंग्या यायच्या. मग त्याही यायच्या बंद झाल्या, तेव्हा आम्हाला वाटलं, चला, एक त्रास गेला. किती अडाणी माणसं आम्ही! त्रास गेला नव्हता, पायालाच काही कळेनासं झालं होतं. पुतण्याच्या लग्नाला नवी चप्पल घेतली, ती अंगठ्याखाली चावली, आणि हिला पत्ताच नाही. दिवसभर त्या पायाने मांडवात फिरली. घरी फरशीवर डाग दिसले तेव्हा कळलं.

वसईत ज्या दवाखान्यात नेलं, त्याला जोडून नर्सिंगचं कॉलेज आहे. नाव लिहीत नाही, त्यांची काही चूक नाही. तिथल्या एक मॅडम होत्या, शिकवणाऱ्या. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला होता. त्यात शुगरची जखम असलेल्या माणसांच्या घरचे आणि मॅडमच्या विद्यार्थिनी. पद्धत अशी — रोज सकाळी पट्टी सोडायची, जखम सलाईनच्या पाण्याने धुवायची, नवी पट्टी बांधायच्या आधी एक फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. प्रत्येक घराला एक मुलगी नेमलेली. ती फोटो बघून खाली लिहिणार — रंग कसा, कडा कशा, आकार वाढला की कमी झाला. संध्याकाळी मॅडम बोलून पाठवायच्या, ते सगळ्यांनी ऐकायचं. म्हणजे आम्ही घरबसल्या शिकायचं आणि मुलींनी आमच्या जखमांवर शिकायचं. तोंड दाखवणार नाही असं कबूल करून आमची सही घेतली होती.

आम्हाला मिळाली अनुजा. तिसऱ्या वर्षाची, तुळिंजला राहणारी. पहिल्या दिवशी घरी येऊन सगळं करून दाखवलं, हातमोजे कसे घालायचे इथपासून. भागीला ती फार आवडली. मला म्हणाली, "हिला सांगा, एकदा माज्या तोंडाचा पन फोटो काढ म्हनावं. जलमभर कोनी बघितला नाय तो पाय, आता त्याचंच कवतिक!" अनुजा इतकी हसली की हातातलं कापसाचं पुडकं पडलं.

पट्टी बांधायला मी दोन दिवसांत शिकलो. शिकलो म्हणजे काय — पानवेल आधाराला बांधायची तर केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सालीने, सोपटाने, बांधतात. घट्ट बांधली तर वेल सुकते, सैल राहिली तर घसरते. हे मी दहा वर्षांचा असल्यापासून करतोय. पायाला बांधताना हात आपोआप तसाच चालला. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, "काका, थांबा, पुन्हा करा," आणि मोबाईल धरला. तो छोटा व्हिडिओ त्यांनी कॉलेजच्या पानावर टाकला. हजारो लोकांनी बघितला म्हणे. पापडी गावच्या बाजारात एक बाई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही ते पट्टीवाले काका ना? आवाजावरून ओळखलं." ग्रुपवर मुली मला मास्तर म्हणायला लागल्या. मास्तर! मला, ज्याला मास्तरांनी सातवीत घरी पाठवलं.

हे सगळं का सांगतोय? कारण इथेच ते सुरू झालं. मला ते आवडलं. खूप आवडलं — आता लपवून काय करू?

दीड महिन्यात जखम निम्म्यावर आली. मॅडम म्हणाल्या, "काका, पाय पूर्ण भरला की पहिल्या दिवसापासूनचे फोटो ओळीने लावून आपण पुढच्या बॅचला दाखवू. घरच्या माणसाने मन लावून केलं तर काय होतं, ते तुमच्या भागीकाकूंच्या पायावरून शिकवू." त्या दिवसापासून मी जखमेकडे बघायचं सोडलं. फोटोकडे बघायला लागलो. कालच्यापेक्षा आजचा चांगला आला का? उजेड नीट पडलाय का? खाली धुतलेलं पांढरं फडकं घातलंय का? भागी म्हणायची, "अवो, पाय माजा हाय, लग्नाची मुलगी नाय, एवढा नटवताय कशाला?"

मग शेजारच्या मुलीची हळद झाली. भागी खुर्चीवर बसून गाणी म्हणाली, बायकांनी तिच्याही पायाला हळदीचं बोट लावलं, चांगल्या पायाला आणि आजारी पायाच्या अंगठ्यालाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली तर जखम इतकी सुंदर दिसत होती — सुंदर म्हणू नये, पण तशी होती. लाल, ओली, आठ आण्याच्या नाण्याएवढी. मी हौसेने सहा-सात फोटो काढले. जवळून, लांबून, डावीकडून. एक पाठवला. अनुजाने टाळ्यांचे हात टाकले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली आणि —

नाही, आधी एक गोष्ट सांगतो. आमच्यात टोपली भरताना बारीक माल खाली जातो, टपोरा वर लावतात. व्यापाऱ्याला ते ठाऊक असतं, आम्हालाही ठाऊक असतं. त्याला कोणी खोटं म्हणत नाही, माल लावणं म्हणतात. माझा बाप तसाच लावायचा, मीही तसाच लावतो. त्या सकाळी मोबाईल हातात धरून मी टोपलीचाच विचार केला. आज कडेला जरा डाग आहे. उद्या जाईल. कालचे चांगले फोटो उरलेत, त्यातला एक वर लावू.

लावला.

दुसऱ्या दिवशीही लावला. तिसऱ्या दिवशीही. पट्टी मी रोज सोडत होतो, रोज धूत होतो, रोज बघत होतो. हे नीट ऐका — मी आळस केला नाही. मी बघितलं आणि दुसरंच दाखवलं.

तिसऱ्या दिवशी अनुजाने ग्रुपवर लिहिलं: "काका, अंगठ्याच्या नखावर हळदीचा डाग आहे तो रोज तसाच दिसतोय. पाय धुताय ना? आजचाच फोटो आहे ना?"

विद्यार्थिनी होती, एकवीस वर्षांची. बरोबर तेच तिला दिसलं जे दिसायला पाहिजे होतं.

आणि मी काय केलं? मी बोलून मेसेज टाकला, सगळ्यांसमोर. शब्द न् शब्द आठवतो. "ए पोरी, तुझ्या आजोबाच्या वयाचा आहे मी. खोटे फोटो पाठवायला मला काय वेड लागलंय? हळद काय पाणी लावल्याबरोबर जाते? तुझ्या आईला विचार. चार बुकं शिकलात म्हणून म्हाताऱ्या माणसाला चोर ठरवायचं?" ग्रुपवर कोणीतरी शाबासकीचा अंगठा टाकला. कोणीतरी लिहिलं, काकांचा मान ठेवा. मॅडमनीही तिला सांगितलं की घरच्या माणसांवर असा संशय घेतला तर ती फोटो पाठवायचीच बंद होतील, माफी माग. तिने मागितली. "सॉरी काका, माझं चुकलं." खाली जोडलेले हात.

मला बरं वाटलं. खरं सांगतो — त्या क्षणी मला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी मी चौथा फोटो पाठवला. तिने लिहिलं, "जखम सुधारते आहे."

पाचव्या दिवशी सकाळी भागी उठेना. अंग तापलेलं, काहीबाही बोलत होती, मला तिच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाका मारत होती. शेजाऱ्याच्या रिक्षातून नेलं. तिथे सर्जनने पट्टी कापली आणि एक पाऊल मागे सरले. मॅडम धावत आल्या होत्या, त्यांनी मोबाईल पुढे केला — "सर, हा कालचा फोटो आहे." सर्जनने फोटो बघितला. पाय बघितला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "हे सगळं एका रात्रीत झालं, बाबा?"

तेव्हा तोंड उघडता आलं असतं. कोण होतं तिथे? मी, मॅडम, सर्जन, एक नर्स. चार माणसं. त्या तिघांपुढे मला खाली मान घालायची नव्हती.

मी म्हटलं, "होय. एका रात्रीत."

पाय गुडघ्याखाली कापला. विष रक्तात गेलं होतं. नवव्या दिवशी ती गेली. शुद्धीवर दोनदाच आली. एकदा चादर उचलून खाली बघितलं आणि मला म्हणाली, "तुमी तर बरा हाय बोलला होता." रागाने नाही. नुसती विचारल्यासारखी.

मी पाणी आणायला गेलो. पाणी तिच्या उशाशीच होतं.

मॅडमनी नंतर मला विचारलं, "काका, अनुजाने हळदीचं विचारलं होतं ते..." मी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. पाय रोज धुतला, म्हटलं. ते खरंच होतं. खऱ्याच्या आड लपायला मी केव्हा शिकलो कोण जाणे. मग सगळं त्या मुलीवर आलं. शंका होती तर घरी जाऊन का बघितलं नाही? शंका असून "सुधारते आहे" का लिहिलं? तिच्याकडून चूक झाली असं लिहून घेतलं, ग्रुपवरून काढलं, घरोघरच्या जखमा बघायची ती नेमणूक तिला पुन्हा करायला लावली. सहा महिने ती मैत्रिणींच्या मागे राहिली.

बाराव्याला ती आली. आईला घेऊन, पांढरा ड्रेस घालून. माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि उठेना. म्हणाली, "काका, मी यायला हवं होतं. तुळिंजहून यायला किती वेळ लागतो? मी आले असते तर काकू..." तिची आई पदराने तोंड दाबून उभी. सगळं घर बघत होतं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "जाऊ दे बाय. तुझं वय ते काय? माणसाच्या हातून चूक होते."

मी तिला माफ केलं. समजतंय तुम्हाला? मी — तिला.

लोक म्हणाले, केवढं मोठं मन आहे म्हाताऱ्याचं.

आता ती नोकरीला लागली आहे. दर रविवारी मला तिचा मेसेज येतो. "काका, जेवलात का?" मी अंगठा पाठवतो. ज्या अंगठ्याने ते फोटो पाठवले, त्यानेच.

आणि फोटो? मॅडमनी त्या चार फोटोंचा आणि पाचव्या, दवाखान्यातल्या फोटोचा एक व्हिडिओ केला. त्यात सांगतात, बघा, चार दिवस जखम किती छान होती आणि एका रात्रीत काय झालं. पहिल्या व्हिडिओपेक्षा जास्त लोकांनी बघितला. दुसऱ्या कॉलेजात दाखवतात. नवी बॅच आली की मला बोलावतात. मी शर्टाला इस्त्री करून जातो. शाल घेतो, नारळ घेतो, आणि त्या मुलींना सांगतो, "सावध राहा. एका रात्रीत होतं." दोनदा गेलो. दोन्ही वेळा मुली रडल्या. मीही रडलो, ते मात्र खोटं नव्हतं. पण ते काय कामाचं?

तसंच चाललं असतं. मरेपर्यंत शाली घेतल्या असत्या, मला शंका नाही. पण गेल्या महिन्यात ग्रुपवर एक नवा माणूस आला. त्याच्या आईच्या टाचेला जखम. मॅडमनी त्याला आमचा तो चार फोटोंचा व्हिडिओ पाठवला. त्याने तो बघून मलाच विचारलं, साधा माणूस, मनापासून विचारलं — "काका, तुम्ही एवढं रोज बघितलंत तरी एका रात्रीत गेलं. मग रोज सोडून बघण्यात अर्थ काय? आठवड्यातून दोनदा सोडली तर नाही चालणार? आईला फार त्रास होतो."

मोबाईल हातात घेऊन मी ओटीवर बसून राहिलो. माझी भागी गेली, ती गेली. अनुजाचे सहा महिने गेले. आता ह्या माणसाची आई? तिला मी बघितलेलं पण नाही. आणि तिच्या पायावरची पट्टी माझ्या खोटेपणामुळे बंद राहणार?

त्याला मी उलट लिहिलं — "रोज सोड." त्याने विचारलं, का? का ते मी लिहिलं नाही. आठ दिवस लिहू शकलो नाही. मग ही वही काढली.

ही वही उद्या मॅडमना नेऊन देणार आहे, आणि हीच पानं ग्रुपवर टाकणार आहे, त्या माणसाला आणि अनुजाला दिसतील अशी. मग मला कोणी काय म्हणायचं ते म्हणेल. त्याबद्दल माझं काही मागणं नाही. रविवारचा मेसेज यावा हेही मागणं नाही.

माझं मन साफ नव्हतं, एवढंच सांगून ह्या मुलींना काही शिकता येणार नाही. म्हणून फोटोत जे नाही ते लिहितो. ते चार फोटो एकाच सकाळचे आहेत, पाचव्या फोटोच्या पाच दिवस आधीच्या सकाळचे. पुढच्या चार दिवसांत पट्टीखाली जे होतं ते असं होतं.

पहिल्या सकाळी अंगठ्याकडच्या कडेला काळा ठिपका, हरभऱ्याच्या डाळीएवढा. बोटाने दाबला तर मऊ लागला. दुसऱ्या सकाळी तो दुप्पट झाला होता आणि पट्टीला पिवळं-हिरवं लागलं होतं. वास आला. भागीला दिसायचं कमी, वाकून तळपाय बघता यायचा नाही, पण नाक चांगलं होतं. "कसला वास वो?" म्हणाली. मी म्हटलं, बादलीतली चाफ्याची फुलं कुजलीत. ती म्हणाली, मग टाकून द्या ना. मी उठून रिकामी बादली मोरीत उपडी केली, तिला आवाज यावा म्हणून. तिसऱ्या सकाळी, ज्या दिवशी अनुजाने विचारलं त्या सकाळी, अंगठा सुजून चकाकत होता, लाली पावलावर चढली होती, आणि काळं होतं ते आत उतरलं होतं, किती खोल ते मला दिसेना. चालू शकत होती ती त्या दिवशी. जेवली. शेजारणीशी भांडली. चौथ्या सकाळी लाली घोट्याच्या वर, पोटरीपर्यंत. हात लावला तर कढत. भर उन्हाळ्यात गोधडी मागितली तिने. पाय माझ्या मांडीवर होता आणि तिला त्यातलं काही म्हणजे काही दुखत नव्हतं.

"कसा हाय आज?" तिने विचारलं.

"भरत आलाय," मी म्हटलं.

"मग उद्या वाडीत जरा चालून बघीन," ती म्हणाली.

मी म्हटलं, बघ.